तिसरा मजला, लिफ्ट नाही, अकरा आठवड्यांची मुलगी: बेबी कॅरिअर निवडीचे एक प्रकरण

घर डोंबिवलीतले. इमारत जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मुलगी ११ आठवड्यांची, वजन ४.९ किलो. पोटात पायाळू होती म्हणून सिझेरियन झाले. जन्माच्या वेळी वजन २.८ किलो, दिवस पूर्ण भरलेले. आईची उंची १५४ सेंटीमीटर, वडिलांची १७८. वडिलांची कंबर अधूनमधून धरते. सोबत वडिलांची आई राहते, तिचे गुडघे दुखतात. बाबागाडी आहे, पण ती तीन मजले उतरवायची तर तेवढा वेळ बाळ कोणाकडे द्यायचे हा प्रश्न, आणि पुढे स्टेशनचा पूल आहेच. आठवड्यातून एकदा दुपारच्या लोकलने दादरला आईच्या माहेरी जायचे असते. शिवाय संध्याकाळी पाच ते सात मुलगी खाली ठेवली की रडते, छातीशी धरली की शांत होते.

हे घर नमुन्यादाखल घेतले आहे आणि वजने-मापेही नमुन्याचीच आहेत. लिफ्ट नसलेल्या इमारतीत लहान बाळ असले की जे प्रश्न येतात, ते ज्या क्रमाने सोडवायला हवेत त्या क्रमाने इथे मांडले आहेत. तो क्रम असा: आधी श्वास, मग खुबे, मग घेणाऱ्याची पाठ आणि टाके, आणि सगळ्यात शेवटी रंग आणि किंमत. खरेदी करताना बहुतेक घरांत हा क्रम नेमका उलटा होतो.

घरात आधीच असलेले तीन पर्याय

बारशात एक कॅरिअर (बाळ अंगाशी बांधून नेण्याचे पट्ट्यांचे साधन) भेट आला आहे. खोक्यावर बाळाचे तोंड बाहेरच्या बाजूला, पाय खाली लोंबणारे. दुसरा पर्याय आईने मोबाइलवर पाहून ठेवलेली पिशवीवजा स्लिंग: एका खांद्यावर पट्टा, खाली खोलगट पिशवी, त्यात बाळ आडवे निजलेले. तिसरा आजीचा: जुने, धुऊन मऊ झालेले लुगडे. आजीच्या गावी बायका शेतात जाताना मूल पाठीशी बांधून नेत, आणि ‘आमची सगळी तशीच वाढली’ हे ती खरेच सांगते.

पिशवीचा पर्याय सर्वांत आधी बाद करायचा. तोही कायमचा, ‘थोडा वेळच वापरू’ असे म्हणूनसुद्धा नाही. कारण समजून घेतले तर पुढचे सगळे नियम आपोआप कळतात. या वयात डोके अंगाच्या मानाने जड असते, मान धरलेली नसते, श्वास मुख्यतः नाकाने चालतो आणि श्वासनळी मऊ व जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असते. खोलगट पिशवीत बाळाची पाठ गोल होते आणि हनुवटी छातीला टेकते. मान अशी पुढे दुमडली की श्वासनळी दबते. दुसरा धोका कापडाचा. बाळाचे तोंड पिशवीच्या भिंतीकडे किंवा आईच्या अंगाकडे वळले की नाक झाकले जाते, आणि मान वळवून ते मोकळे करण्याची ताकद त्याच्यात नसते. पहिला प्रकार अगदी आवाज न करता होतो. श्वास पुरत नसलेले बाळ रडू शकत नाही, आणि घेणाऱ्याला वाटते की ते छान झोपले आहे.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये याच गोष्टीचा जाहीर इशारा दिला होता. मागच्या वीस वर्षांतले स्लिंगशी संबंधित किमान १४ मृत्यू त्यांच्या नोंदीत होते, आणि त्यांतली १२ बाळे चार महिन्यांहून लहान होती. त्याच महिन्यात इन्फँटिनो कंपनीच्या पिशवीवजा स्लिंग, सुमारे दहा लाख नग, परत मागवण्यात आल्या. तोंडावर कापड आले तर एक-दोन मिनिटांत जीव जाऊ शकतो, असे आयोगाने त्या इशाऱ्यात स्पष्ट म्हटले होते. पुढे २०१७ साली अमेरिकेत स्लिंगसाठी सक्तीचे मानक आले आणि जानेवारी २०१८ पासून लागू झाले. तरीही जुन्या घडणीच्या पिशव्या वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन दुकानांत दिसत राहतात. खूण सोपी आहे: बाळ आडवे, खोल आणि घेणाऱ्याच्या कमरेजवळ लटकलेले दिसत असेल, तर घेऊ नये.

आजीच्या लुगड्याकडे वेगळ्या नजरेने पाहायला हवे. पाठीशी बांधण्याची पद्धत चुकीची नाही. बांधणारे हात ती लहानपणापासून शिकलेले असतात, कापड अंगाबरोबर घट्ट बसते, मुलाचे गुडघे आईच्या कमरेला वेढलेले असतात. पण पाठीवरचे मूल दिसत नाही, म्हणून ते मान धरलेले आणि आधाराशिवाय बसू लागलेले असायला हवे. ११ आठवड्यांच्या बाळाला ही पद्धत अजून चार-एक महिने लवकर आहे. शिवाय वापरून विरलेले लुगडे ताणाखाली काठाजवळ फाटते. ते बाळाखाली अंथरायला ठेवावे.

खुबे, आणि भेट आलेला कॅरिअर

भेट आलेला कॅरिअर दमदार कापडाचा आहे, शिवण चांगली आहे. अडचण बैठकीची आहे. दोन पायांमधली पट्टी जेमतेम १२ सेंटीमीटर रुंद आहे, त्यामुळे सगळे वजन जांघेत येते आणि मांड्या सरळ खाली लोंबतात.

पहिल्या सहा महिन्यांत खुब्याच्या सांध्याची वाटी अजून कूर्चेची, म्हणजे मऊ असते. मांडीचे हाड त्या वाटीत नीट टेकून राहावे, यासाठी नैसर्गिक स्थिती म्हणजे बाळ उकिडवे बसल्यासारखे: गुडघे बुडापेक्षा वर, मांड्या दोन्ही बाजूंना फाकलेल्या, आणि आधार एका गुडघ्याच्या लवणेपासून (मागच्या खळगीपासून) दुसऱ्या गुडघ्याच्या लवणेपर्यंत. आंतरराष्ट्रीय हिप डिस्प्लेशिया (खुब्याचा सांधा वाटीत नीट न बसणे) संस्था कॅरिअरसाठी हीच ठेवण सांगते. अरुंद पट्टीमुळे निरोगी खुबे बिघडतात असे सिद्ध झालेले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण या प्रकरणातली मुलगी पायाळू आहे, पहिली आहे आणि मुलगी आहे. खुबा सैल असण्याचा धोका वाढवणाऱ्या या तिन्ही गोष्टी तिच्याकडे आहेत. सहाव्या आठवड्यातली खुब्याची सोनोग्राफी व्यवस्थित आली, हा मोठा दिलासा. तरी मांड्यांना पूर्ण आधार देणारी रुंद बैठक सहज मिळत असताना लोंबते पाय स्वीकारण्याचे काही कारण नाही. (सोनोग्राफीत दोष निघाला असता आणि डॉक्टरांनी पट्ट्यांचे हार्नेस लावले असते, तर कोणता कॅरिअर चालेल हे अस्थिरोगतज्ज्ञांनीच सांगायचे. कॅरिअर हा उपचार नव्हे.)

रुंद म्हणजे किती, हे टेपने मोजावे. बाळाला उताणे निजवून गुडघे पोटाकडे हलकेच वाकवावेत, बळ न लावता. शिंपी वापरतात ती मऊ टेप एका लवणेपासून बुडाखालून दुसऱ्या लवणेपर्यंत न्यावी. या मुलीचे माप २३ सेंटीमीटर भरले. बैठक यापेक्षा बरीच अरुंद असेल तर मांड्या लोंबतील. बरीच रुंद असेल तर कापड गुडघ्यांच्या पुढे जाईल, पाय सरळ ताणले जातील आणि बाळ मागे रेलून कॅरिअरमध्ये बुडेल. ‘पुढे मोठे झाल्यावरही चालेल’ म्हणून एक माप मोठा घेण्याची आपली सवय इथे घातक ठरते. म्हणून बैठकीची रुंदी कमी-जास्त करता येणारा कॅरिअर हवा.

काय घ्यायचे

उरलेल्या प्रकारांपैकी तीन विचारात घेण्यासारखे होते.

ताणले जाणारे लांब रॅप, साधारण पाच मीटरचे, नवजात बाळाला अंगाशी फार छान धरते. पण त्यात बाळावरून कापडाचे तीन थर जावे लागतात. एक थर गाळला तर बाळ घसरते. मुंबईच्या दमट उकाड्यात तीन थर आणि आईची छाती म्हणजे दोघींनाही घामाने भिजवणे. पाच मीटरचे टोक स्टेशनच्या ओल्या फरशीवर लोळते ते वेगळेच. या घरासाठी नाही.

रिंग स्लिंग, म्हणजे सुमारे दोन मीटर सुती कापड आणि दोन कड्या, घरातल्या घरात पटकन घ्यायला-काढायला उत्तम. टाक्यांवर कमरपट्टा येत नाही, हा सिझेरियननंतर मोठा फायदा. कड्या अखंड, जोडाशिवायच्या आणि याच कामासाठी बनवलेल्या हव्यात. बॅगेला किंवा पडद्याला लावतात तसल्या सांधलेल्या कड्या वजनाखाली उघडतात. कापड सुती किंवा लिननचे असावे. साटीन, जॉर्जेट कडीतून सरकते. मात्र सगळे वजन एकाच खांद्यावर येते. वडिलांच्या कमरेला हे झेपणार नाही, आणि तीन मजल्यांच्या जिन्यावर एकीकडे झुकलेले अंग ठीक नाही.

म्हणून निवड बकलचा, पाठीवर पट्टे फुलीसारखे जाणारा, बैठक बदलता येणारा सुती कॅरिअर. फुलीचे पट्टे दोन्ही खांद्यांवर आणि पाठीवर वजन वाटून देतात. ज्या कॅरिअरचे पट्टे पाठीवरच्या पिशवीसारखे सरळ जातात, त्यांत मागचे छोटे बकल मानेखाली हात नेऊन लावावे लागते. कमी उंचीच्या किंवा खांदा आखडलेल्या माणसाला ते एकट्याने जमत नाही. रिंग स्लिंग लगेच घ्यायची नाही. संध्याकाळच्या रडण्यासाठी पुढे गरज वाटलीच तर दुसरी खरेदी म्हणून.

विकत घेताना पुढचे तपासले. शिवलेल्या लेबलवर किमान आणि कमाल वजन लिहिलेले हवे. बऱ्याच कॅरिअरवर किमान ३.२ ते ३.५ किलो असते, पण काहींना सुरुवातीला वेगळी उशी लागते, आणि ती उशी नसताना किमान ५.५ किलो, या मुलीला ४.९ किलोवर तसला कॅरिअर उशीशिवाय चालला नसता. युरोपातले ईएन १३२०९-२ किंवा अमेरिकेतले एएसटीएम एफ २२३६ हे मऊ कॅरिअरचे मानक लेबलवर नमूद आहे का ते पाहिले. (रिंग स्लिंगसाठी एएसटीएम एफ २९०७.) पट्टा कापडाला जोडला आहे तिथे दाट, आडवी-उभी भरलेली शिवण हवी, साधी एकेरी टीप पुरत नाही. बकल ‘टक्’ आवाजाने बसायला हवे आणि दोन्ही बाजू एकाच वेळी दाबल्याशिवाय सुटायला नको. नावाजलेल्या कॅरिअरच्या हुबेहूब नकला निम्म्या किमतीत मिळतात. त्यांत फसते ती शिवण आणि बकल. किंमत संशयास्पद कमी असेल, छापील माहितीपुस्तिका नसेल किंवा लेबलवर बनवणाऱ्याचा पत्ता नसेल, तर तो परत करावा.

पहिली जुळवणी

कॅरिअर चांगला असला तरी पट्टा सैल राहिला की तोच कॅरिअर धोक्याचा. म्हणून खरेदीपेक्षा जुळवणीला जास्त वेळ द्यावा. आधी बाहुली किंवा दोन-तीन किलो तांदळाची घट्ट बांधलेली पिशवी घेऊन आरशासमोर सराव. मग बाळाला घेऊन, पण पलंगाशेजारी उभे राहून, पोट भरलेले आणि ढेकर काढलेले असताना. भुकेल्या, रडत्या बाळावर पहिला प्रयोग केला तर घाईत पट्टे सैल राहतात.

कमरपट्टा आधी. लहान बाळ उंचीने कमी असते, म्हणून पट्टा कुल्ल्यांच्या हाडांवर न बांधता बेंबीच्या पातळीवर बांधला. त्यामुळे मुलगी पुरेशी वर आली आणि आईच्या टाक्यांवर दाबही आला नाही. तरी आईने पट्टा बांधण्यापूर्वी डॉक्टरांची परवानगी घेतली. टाके ठणकत असतील तर थांबायचे. पट्टा एवढा आवळला की आत दोन बोटे जेमतेम जातील. मग मुलीला छातीवर उंच घेतले, पाय दोन्ही बाजूंना, आणि बूड बैठकीत सोडताना तिच्या गुडघ्यांमागे हात घालून गुडघे किंचित वर ओढले, म्हणजे कंबर आत वळते आणि पाठीला नैसर्गिक बाक येतो. मग पाठीचे कापड वर. दोन्ही खांद्यांचे पट्टे आणि बकले लागेपर्यंत एक हात बाळाच्या पाठीवरून हलवायचा नाही.

आवळण्याची एक खुबी आहे, तिच्यावर सगळे अवलंबून आहे. बाळाचे वजन पट्ट्यावर लोंबत असताना पट्टा ओढला तर तो घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण आत सैल जागा राहते. एका हाताने बाळाचे बूड इंचभर वर उचलायचे, दुसऱ्या हाताने पट्टा ओढायचा, मग दुसरी बाजू.

आता तपासणी. ब्रिटनमधल्या स्लिंग संघटनांनी पाच गोष्टींची यादी घालून दिली आहे, तीच इथे वापरली. कॅरिअर घट्ट आहे. मान खाली घातली की बाळाचा चेहरा पूर्ण दिसतो. मान किंचित झुकवून टाळूची पापी घेता येते. बाळाच्या हनुवटीखाली एक बोट, जमल्यास दोन, सहज जातात. पाठीला आधार आहे. शेवटचे ओळखायला तळहात बाळाच्या पाठीवर ठेवून हलके दाबायचे: बाळ आणखी जवळ सरकले किंवा त्याची पाठ सरळ झाली, तर कॅरिअर सैल आहे. सुरुवातीला दर दोन-तीन मिनिटांनी चेहरा पाहायचा. बाळ झोपले की मान ढिली पडते, म्हणून तेव्हा आणखी जास्त.

पहिल्या वेळी या घरात तीन गोष्टी बिघडल्या. वडिलांनी कॅरिअर घातला, ताठ उभे असताना सगळे ठीक होते. चप्पल घालायला वाकले तसे बाळ छातीपासून तळहातभर दूर गेले. पट्टे वजनाखाली आवळले होते, हे त्याचे कारण. पुन्हा उचलून आवळले. आणि कमरेतून वाकायचे नाही, गुडघ्यांत बसून खाली जायचे, एक हात बाळाच्या पाठीवर. आईच्या वेळी पाठीचे कापड मुलीच्या कानांच्या वर आले आणि चेहरा आत गेला. कापडाची वरची कड बाहेर दुमडून बांधली, ती कानाच्या पाळीशी आली. कॅरिअरला जोडलेली डोक्याच्या आधाराची टोपी फक्त झोपेत डोके एका बाजूला कलले तर, आणि तोंडावर कधीच नाही. तिसरी अडचण रडण्याची. मुलीने घातलेल्या पायमोजेवाल्या पँटची पावले बैठकीत ओढली जाऊन बोटे मुडपत होती. सुती झबले घातले, पाय उघडे ठेवले, आणि रडणे थांबले. बाळ रडले की ‘तिला कॅरिअर आवडत नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी पावले, जांघेतली घडी, डायपरची कड आणि उकाडा हे चार पाहावेत.

वडील आणि आई आलटून-पालटून घेतात, म्हणून पट्ट्यांवर कापडाच्या पेनाने दोन रंगांच्या खुणा केल्या. टाका मात्र घालायचा नाही, पट्टा तिथे कमजोर होतो. खूण ही फक्त सुरुवात; आवळणे प्रत्येक वेळी नव्याने. आजीने बसून, मांडीवर घ्यायचे. दुखऱ्या गुडघ्यांनी जिन्यावर बाळ अंगाला बांधून नको, असे घरात स्पष्ट ठरले.

पहिला आठवडा १०-१५ मिनिटे, घरातच. मग हळूहळू वाढवत नेऊन सलग तास-दीड तास, त्यानंतर बाळाला काढून सपाट जागी हातपाय मोकळे. उकाड्यात कॅरिअर आणि घेणाऱ्याची छाती हाच एक कपडा धरायचा, त्यामुळे आत एक पातळ सुती झबले बस, घरात कानटोपी नको. हात-पाय गार असले तरी मान मागून गरम आणि घामेजलेली असेल तर बाळ तापले आहे; काढायचे. सर्दीने नाक चोंदलेले, ताप, किंवा नुकताच दम लागलेला असेल, त्या दिवशी कॅरिअर नाही. दिवस न भरता किंवा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाची गोष्ट वेगळी आहे. रुग्णालयात आई बाळाला उघड्या छातीशी धरते ती कांगारू पद्धत डॉक्टर-परिचारिकांच्या देखरेखीत होते; चालत्या-फिरत्या कॅरिअरला तो परवाना समजू नये.

दूध कॅरिअरमध्ये पाजायचे नाही. अंगावर पाजताना बाळ खाली उतरवावे लागते, चेहरा स्तनाशी दबतो आणि आई दुसरे काम करत असेल तर लक्षात येत नाही. २०२३ साली ब्रिटनमध्ये सात आठवड्यांचे बाळ स्लिंगमध्ये दूध पीत असताना याच प्रकारे दगावले, आणि त्यानंतर तिथल्या मार्गदर्शनात चार महिन्यांखालील बाळाला स्लिंगमध्ये पाजू नये असे स्पष्टपणे आले. इतके लहान बाळ बाहेर काढून, बसून पाजावे, ढेकर काढावा, मग पुन्हा उभे घ्यावे. आणि स्वयंपाकघर: पुढे बाळ असताना गॅसपाशी उभे राहायचे नाही. फोडणीचा शिंतोडा, चहाचे पातेले आणि बाळाचे पाऊल एकाच उंचीवर येतात.

जिना, लोकल, रिक्षा, स्कूटर

पुढे बाळ असले की स्वतःची पावले दिसत नाहीत. जिना उतरताना एक हात कठड्यावर, दुसरा मोकळा. पिशवी पाठीवर, हातात नाही. पायांत मागून पट्टा असलेली चप्पल. पावसाळ्यात पुलाच्या पायऱ्या निसरड्या असतात, तेव्हा घाई नको, एक गाडी सोडावी. रेनकोट बाळाच्या तोंडावरून बंद करायचा नाही, छत्री धरावी. ऊन किंवा धूळ नको म्हणून ओढणी किंवा दुपटे तोंडावर टाकण्याची सवय फार पसरलेली आहे, आणि तीच नाकावरच्या कापडाचा धोका परत आणते.

लोकल दुपारचीच. गर्दीच्या वेळी बाळ तुमच्या आणि पुढच्या प्रवाशाच्या पाठीच्या मध्ये सापडते, आणि तिथे कोणताही कॅरिअर उपयोगाचा नाही. डब्यात बसल्यावर कमरपट्टा वर सरकून बाळाचे तोंड छातीत दबत नाही ना हे पाहायचे, गरज पडल्यास पट्टे किंचित सैल करायचे आणि उठण्यापूर्वी पुन्हा आवळायचे. बसल्या जागी डुलकी लागेल असे वाटले तर बाळ सोबतच्या माणसाकडे. घरातल्या सोफ्यालाही हेच लागू.

रिक्षा आणि गाडीत कॅरिअर हे अपघातापासूनचे संरक्षण नाही. धडक बसली तर मोठ्या माणसाचे अंग बाळावर येते. गाडीत मागे तोंड असलेली बाळाची सीट हवी, कॅरिअर डिकीत. स्कूटरचा विचार या घरात आला, कारण स्टेशन दीड किलोमीटरवर आहे. उत्तर नाही असेच द्यावे लागते. केंद्राच्या मोटार वाहन नियमांत १५ फेब्रुवारी २०२३ पासून चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर सुरक्षा हार्नेस, नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा बंधनकारक आहे. ते हार्नेस म्हणजे चालवणाऱ्याला जोडणारी, ३० किलोपर्यंत वजन पेलणारी वेगळी वस्तू. बेबी कॅरिअर त्याऐवजी चालत नाही. आणि मान न धरलेल्या, हेल्मेट घालता न येणाऱ्या बाळाला दुचाकीवर नेण्याची सुरक्षित पद्धत कोणतीच नाही. या घराने स्टेशनपर्यंत चालायचे ठरवले.

चौदावा आठवडा आणि पुढे

चौदाव्या आठवड्याच्या लसींपैकी काही इंजेक्शने मांडीत दिली जातात. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी बैठकीची कड नेमकी सुजलेल्या जागी घासते, म्हणून कॅरिअर बाजूला. ताप गेला, मांडीला हात लावू दिला, की पुन्हा. त्याच वेळी लवणेपासून लवणेपर्यंतचे माप पुन्हा घेतले: २५ सेंटीमीटर. बैठक एक टप्पा रुंद केली. हे माप महिन्यातून एकदा घ्यायचे.

मान पक्की झाल्यावर, साधारण पाच-सहा महिन्यांनी, हनुवटी कापडाच्या कडेवर येऊ लागली की पुढे तोंड करून घेण्याचा हट्ट घरात होईल. ते चालेल, बैठक तेव्हाही मांड्यांना आधार देणारी असेल तर. वीसेक मिनिटे, जागे असतानाच. डोळे मिटू लागले की बाळ आत वळवायचे, कारण पुढे तोंड केलेल्या बाळाचे डोके झोपेत पुढे पडते. बाळ मोठे होत जाईल तसा कमरपट्टाही बेंबीपासून हळूहळू कुल्ल्यांच्या हाडांवर उतरवायचा. वडिलांच्या कमरेवरचा ताण त्याच टप्प्यात खरा कमी होतो. आणि मुलगी आधाराशिवाय बसू लागली की पाठीवर घेता येईल. तेव्हा आजीचे हात कामी येतील: बाळ पाठीवर चढवणे आणि पुढे वाकून ते सरळ धरणे हे तिला येते, कापडाऐवजी बकल आहे एवढेच.

धुणे लेबलवर लिहिल्याप्रमाणे, बकले लावून, जाळीच्या पिशवीत, सौम्य साबणाने, वाळवणे सावलीत. पावसाळ्यात पट्ट्याची जाड शिवण आतून ओली राहते आणि बुरशी धरते, म्हणून दोन दिवस पंख्याखाली. दर धुण्यानंतर प्रत्येक जोडाची शिवण बोटाने चाचपायची आणि बकलाला तडा दिसतो का ते उजेडात पाहायचे. तडा गेला तर बाजारातले दुसरे बकल शिवून घ्यायचे नाही. बनवणाऱ्याकडून बदलून घ्यायचे, नाहीतर कॅरिअर बाद. भेट आलेला अरुंद कॅरिअर कोणाला पुढे द्यायचा असेल, तर तो फक्त मान पक्की धरलेल्या मोठ्या बाळासाठी, थोड्या वेळापुरता, आणि माहितीपुस्तिकेसह द्यावा.